गवेन कुठला वाचावा, जुना की नवा?

दंतकथेतल्या राजा आर्थरचा निष्ठावंत सरदार गवेन भेटतो चौदाव्या शतकातल्या ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या इंग्रजी काव्यात आणि काझुओ इशिगुरोंच्या २०१५च्या ‘द बरीड जायंट’ या कादंबरीतही.

काव्य २५३० ओळींचं. आधुनिक इंग्रजी अनुवाद घेतला तर दोन बैठकींत उरकतं. कादंबरी संथ, आणि मुळात एका म्हाताऱ्या जोडप्याची.

कसोटी? काव्यातला गवेन यजमानिणीकडून मिळालेली चुंबनं ‘दिवसभरात मिळेल ते एकमेकांना द्यायचं’ या कराराप्रमाणे यजमानाला देऊन टाकतो, जीव वाचवणारा हिरवा पट्टा मात्र लपवतो. मानेवर ग्रीन नाइटच्या, म्हणजे हिरव्या सरदाराच्या, कुऱ्हाडीचा ओरखडा उठतो तो त्यापायीच. कादंबरीतला गवेन म्हातारा, चिलखत गंजलेलं. राजा गेला तरी हुकूम पाळतोय. तो हुकूमच चुकीचा असेल तर? मला हा पेच जास्त छळतो.

थरार आणि खट्याळपणा हवा असेल तर काव्य घ्या. निष्ठेची किंमत बघायची असेल तर कादंबरी, पण सुरुवातीला धीर धरावा लागेल.