मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह: 'सिद्धांत आणि व्यवहार' वाचायला कितपत उपयोगी?

अभ्यासवर्गात सिद्धांत आणि व्यवहाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: तत्त्वज्ञांनी जगाचा फक्त अर्थ लावला, मुद्दा आहे तो जग बदलण्याचा. मार्क्सने १८४५ मध्ये ब्रसेल्सला जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाखवर काढलेल्या अकरा टिपणांतलं हे शेवटचं. एवढंच वाचलं की 'वाचन पुरे, कामाला लागा' असा अर्थ निघतो, आणि तिथेच गाडी घसरते. बाकीची दहा टिपणं कुठे मिळतील? मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर, फुकट. स्वयंसेवकांनी उभारलेलं हे ग्रंथालय या विषयासाठी आजही पहिली शिफारस आहे.

मात्र मजकुराआधी वरची माहिती वाचा: लेखन कधीचं, पहिल्यांदा कधी छापलं, अनुवाद कोणाचा. ती सोडून खाली उतरणं ही सर्वांत मोठी चूक. कारण या टिपणांचे दोन पाठ आहेत. मार्क्सचा सहकारी एंगल्सने १८८८ मध्ये ती छापली तेव्हा त्यांवर हात फिरवला होता. मार्क्सचा मूळ मजकूर १९२४ मध्ये मॉस्कोत प्रसिद्ध झाला. समोरचा पाठ कोणता, हे तिसऱ्या टिपणात कळतं. ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेनचं नाव दिसलं तर तो एंगल्सचा. परिस्थिती बदलण्याबरोबर 'स्वतःला बदलणं' हे शब्द असतील तर तो मूळ. एंगल्सने ते गाळले होते.

फरक बारीक वाटेल, पण सगळा विषय इथेच आहे. तिसरं टिपण सांगतं: परिस्थिती माणसाला घडवते असं म्हणणारे विसरतात की परिस्थिती माणसंच बदलतात, आणि शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं. नाहीतर समाजाचे दोन भाग पडतात: शहाणे वर, बाकीचे खाली. मार्क्सच्या मते जग बदलणं आणि बदलता बदलता आपण बदलणं ही एकच क्रिया आहे, तिचं नाव क्रांतिकारी व्यवहार. अकराही टिपणं मिळून दोन-तीन पानं भरतात. एका बैठकीत उरकतात, पण निम्मा वेळ तिसऱ्याला द्या.

त्यानंतर थेट १८८० वर उडी मारा. मार्क्सने फ्रेंच कामगारांसाठी केलेली शंभरेक प्रश्नांची प्रश्नावली इथे आहे. यंत्राला संरक्षक कठडा आहे का, मजुरी कामाच्या तासांवर ठरते की नगांवर, रात्रपाळी असते का. आपल्या हालांचं वर्णन कामगारच पूर्ण जाणिवेने करू शकतात, अशी तिची भूमिका आहे. म्हणजे तिसरं टिपण थेट कारखान्याच्या दारात. वर्गात हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचले की चर्चा आपोआप जमिनीवर येते. माओचा १९३७ चा व्यवहारावरचा निबंधही आहे, तो यानंतर घ्या. आधी घेतला तर 'व्यवहार, मग ज्ञान, पुन्हा व्यवहार' हे सूत्र पाठ होतं आणि मूळ प्रश्न हातातून सुटतो.

उणिवा आहेत. मार्क्स-एंगल्सच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाचे ५० खंड आहेत. हक्कधारक प्रकाशकाच्या मागणीमुळे २०१४ मध्ये त्यातला मजकूर इथून काढावा लागला. त्यामुळे बरेच लेख जुन्या आवृत्त्यांतून येतात आणि एकाच शब्दाचे अनुवाद पानागणिक बदलतात. मूळ जर्मन शब्द प्रॅक्सिस कुठे 'व्यवहार' होतो, कुठे 'कृती'. वर्गासाठी एकच प्रतिशब्द आधी ठरवून घ्या. बहुतेक पानांवर छापील पृष्ठक्रमांक नाहीत, म्हणून संदर्भ देताना टिपणाचा किंवा प्रश्नाचा क्रमांक लिहा.