स्वस्तातला ओबीडी स्कॅनर आणि हवा कमी मोजणारा मॅफ सेन्सर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आणि मोजमापे मोबाइलवर दाखवणारा, ईएलएम ३२७ जातीचा हा ब्लूटूथ स्कॅनर मी निव्वळ चिडून घेतला. १.८ लिटरच्या पेट्रोल सेडानचा चेक इंजिन दिवा लागल्यावर सर्व्हिस सेंटरने पी०१७१ (मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी) हा कोड काढला आणि इंजेक्टर सफाई, फ्युएल पंप व मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असा तिहेरी खर्च पाच आकड्यांत मांडला. नेमके काय बिघडले आहे, या प्रश्नाला ‘बदलून बघू’ याखेरीज उत्तर नव्हते.

सुरुवातीला आठशे रुपये पाण्यात गेले, असेच माझे मत होते. अ‍ॅपच्या पडद्यावर सहा-सात मोजमापे एकत्र लावली की प्रत्येक आकडा इतका रेंगाळतो, की अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडला तरी जुनीच संख्या दिसत राहते. या खोडीविषयी विक्रेता चकार शब्द काढत नाही. दोनच मोजमापे ठेवल्यावर मात्र वेग सुधारला आणि माझे मतही.

लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या मात्रेत सतत करत असलेली वाढ-घट) आयडलला, म्हणजे इंजिन नुसते चालू असताना, अधिक ५ टक्के, तर २५०० आरपीएमला अधिक १९ टक्के दिसला. इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) गळती असती, तर चित्र उलटे दिसले असते. कारण आयडलला एकूण हवाच थोडी असल्याने सेन्सरला चुकवून शिरलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. उरले पंप, इंजेक्टर आणि सेन्सर. म्हणून कात्रजच्या चढावर, मुलाला शेजारी मोबाइल धरून बसवून, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला ४००० आरपीएमवर मॅफच्या आकड्याची नोंद घेतली. या गतीला १.८ लिटरचे इंजिन सेकंदाला फार तर ६० लिटर हवा ओढते. पुण्याच्या सुमारे ५६० मीटर उंचीवर लिटरभर हवेचे वजन साधारण १.१ ग्रॅम आणि सिलिंडर ८५ टक्के भरतात असे धरले, तरी आकडा सेकंदाला ५५ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. तो ४१ च्या पुढे जाईना. पंप किंवा इंजेक्टर दोषी असते, तर हवेचा आकडा बरोबर आला असता. एअर फिल्टर तुंबल्यानेही आकडा घटतो, पण तेव्हा हवा खरोखरच कमी असल्यामुळे ट्रिम असा चढत नाही.

सेन्सर काढल्यावर त्याच्या तारेवर राखाडी लव चिकटलेली दिसली. मॅफ क्लीनरच फवारावा, कार्ब (कार्ब्युरेटर) क्लीनर नव्हे, आणि तारेला कापूससुद्धा लावू नये. पूर्ण वाळवून बसवल्यावर आकडा ५४ वर गेला आणि ट्रिम हळूहळू अधिक ३ वर उतरला.

पावसाळा संपेपर्यंत आकडा पुन्हा ४७ वर घसरला आहे, तेव्हा सेन्सर नवा घ्यावा लागेल. पंप आणि इंजेक्टरचा खर्च मात्र वाचला. स्कॅनरला बंद करण्याचे बटण नाही आणि तो लावून ठेवला तर बॅटरीवर ताण येतो, त्यामुळे दर वेळी स्टिअरिंगखाली वाकून तो उपसावा लागतो. त्यासाठी रेटिंगमधला एक तारा कापतो. दुसरा त्या रेंगाळणाऱ्या आकड्यांसाठी.