तिशीनंतर ग्राफिक डिझाइनकडे वळताना: नोकरी, कोर्स आणि फ्रीलान्स यांचा हिशेब

बँक, अकाउंट्स, आयटी सपोर्ट, शाळा. अशा ठिकाणी सात-आठ वर्षं काढलेली बरीच माणसं हल्ली विचारतात, की सगळं सोडून ग्राफिक डिझाइनमध्ये येऊ का? विचारणाऱ्याच्या मनात एका बाजूला कंटाळवाणी नोकरी असते आणि दुसऱ्या बाजूला आवडीचं काम. अशी मांडणी केली की उत्तर आधीच ठरून जातं. त्यापेक्षा तुमच्या नोकरीतला एक साधा मंगळवार आणि डिझायनरचा एक साधा मंगळवार शेजारी ठेवा.

डिझायनरचा मंगळवार साधारण असा जातो. सकाळी बिल्डरच्या जाहिरातीतला दर बदलून येतो. दुपारपर्यंत त्याच जाहिरातीचे आणखी तीन आकार करायचे असतात: इन्स्टाग्रामसाठी चौकोनी, स्टेटससाठी उभा, होर्डिंगसाठी आडवा. मग ‘लोगो थोडा मोठा करा’ असा निरोप येतो, आणि तासाभराने मालकांच्या भावाला रंग आवडत नाही. संध्याकाळी प्रेसवाला फोन करून सांगतो, की मजकुराचा काळा रंग चार शाईंचा आलाय. बारीक अक्षर फक्त काळ्या शाईतच हवं. चारही शाया वापरल्या आणि छापताना एखादी केसभर सरकली, की अक्षराला रंगीत सावली येते आणि मजकूर वाचवत नाही. शिवाय चारही बाजूंना कटिंगसाठी ३ मिलिमीटर जादा जागा सोडायची राहिलेली असते. या सगळ्या दिवसात नवं काही सुचण्याचा, रचण्याचा वेळ तास-दीड तास.

हा तास-दीड तास फार सुंदर असतो. त्यासाठीच आम्ही डिझायनर टिकून आहोत. पण उरलेला दिवसही तुम्हाला पेलायला हवा. अकाउंट्समध्ये ताळेबंद जुळला की जुळला, त्यावर कुणी ‘मजा नाही आली’ म्हणत नाही. इथे ते वाक्य रोज ऐकावं लागतं, आणि त्यावर न चिडता ‘नेमकं काय खटकतंय?’ असं विचारून गिऱ्हाइकाकडून उत्तर काढून घ्यावं लागतं. माझ्या मते चित्रकलेच्या हातापेक्षा हा स्वभाव जास्त ठरवणारा आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिलेली नसली तरी चालतं, तो स्वभाव नसेल तर चालत नाही.

पूर्णवेळ शिक्षण की क्लास

मुंबईच्या जे.जे. किंवा पुण्याच्या अभिनवसारख्या कॉलेजातला उपयोजित कलेचा, म्हणजे जाहिरात-छपाईसाठीच्या कलेचा, बीएफए हा पदवी अभ्यासक्रम बारावीनंतरचा, चार वर्षांचा. पाया पक्का होतो यात शंका नाही, पण घर चालवणाऱ्या माणसाला चार वर्षं बिनपगारी काढणं जवळपास अशक्यच. मी तो रस्ता तिशीतल्या कुणाला सुचवत नाही.

पदवी हातात असेल तर एम. डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, हा खरा पर्याय आहे. मुंबई आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासून चालू आहे. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा. प्रवेश सीड (CEED) या डिझाइनच्या प्रवेश परीक्षेतून. बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कोणत्याही शाखेची पदवी चालते, आणि वयाची अट नाही. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षा वेगळी आणि अभ्यासक्रम अडीच वर्षांचा. दोन्हीकडे तुमच्याबरोबर इंजिनिअर, आर्किटेक्ट बसलेले असतात, त्यामुळे ‘मी कलेतला नाही’ हा न्यूनगंड लवकर जातो. तुम्ही पंचविशी-अठ्ठाविशीत असाल, कर्जाचा हप्ता नसेल आणि पुढे मोठ्या ब्रँडचं, ॲपचं किंवा शिकवण्याचं काम करायचं असेल, तर ही दोन-अडीच वर्षं वाया जात नाहीत. प्रवेशाची स्पर्धा मात्र तगडी आहे. पहिल्याच प्रयत्नात जागा मिळेल असं धरून राजीनामा देऊ नका.

सहा महिने ते वर्षभराचे खासगी क्लास गल्लोगल्ली आहेत. तिथे मुख्यतः सॉफ्टवेअर शिकवतात, आणि ते आज घरबसल्या फुकट शिकता येतं. क्लास लावायचाच असेल तर ‘प्लेसमेंट किती’ हे विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. अक्षरं आणि पानाची मांडणी यावर किती तास देता? विद्यार्थ्यांना प्रेसमध्ये नेऊन छपाई दाखवता का? देवनागरीत काम करून घेता का? तिन्हींची उत्तरं गुळमुळीत आली तर तिथून उठा. नोकरी देताना सर्टिफिकेट कुणी बघत नाही, पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामांचे नमुने, बघतात.

नोकरी सांभाळून शिकणं

तिशी ओलांडलेल्या, घराची जबाबदारी असलेल्या बहुतेकांसाठी मला हाच रस्ता योग्य वाटतो. रोज संध्याकाळी दीड-दोन तास आणि रविवारची सकाळ. इंकस्केपसारखं मोफत सॉफ्टवेअर सुरुवातीला पुरतं. प्रेसशी संबंध यायला लागले की कोरलड्रॉ शिकावंच लागतं, कारण आपल्याकडचे बरेच छापखाने अजून त्यावरच चालतात. बाहेरचं पैशाचं काम घेण्याआधी आपलं नेमणूकपत्र वाचा. सरकारी आणि बँकेच्या नोकरीत परवानगीशिवाय असं काम करता येत नाही, आणि खासगी कंपन्याही पुष्कळदा तशी अट घालतात. परवानगी नसेल तर संस्थांची, नातेवाइकांची कामं विनामोबदला करा. पोर्टफोलिओला ती पुरेशी असतात.

या रस्त्याचा तोटा म्हणजे वेग. दीड-दोन वर्षं लागतात, आणि मध्ये कंटाळून सोडणारे पुष्कळ.

बावीस वर्षांच्या मुलाशी तुमची तुलना

तुम्ही बाजारात याल तेव्हा शेजारी उभा असेल चार वर्षं उपयोजित कला शिकलेला बावीस वर्षांचा मुलगा. हात त्याचा चांगला, पगार तुमच्यापेक्षा कमी घ्यायला तयार, रात्री जागायला तयार. हाताच्या कौशल्यावर त्याला हरवायला जाऊ नका. तुमच्याकडे आधीच्या कामाची शिदोरी आहे. अकाउंट्समधला माणूस पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाची तक्ते-आकड्यांनी भरलेली पानं समजून लावू शकतो, कारण ठेवी कुठे आणि तरतुदी कुठे हे त्याला माहीत असतं. शिक्षिकेला कळतं की तिसरीच्या मुलाच्या स्वाध्याय-पुस्तिकेत ओळ किती लांब असावी. नर्सने केलेलं रुग्णमाहितीचं पत्रक वाचणाऱ्याला खरंच समजतं. आधीचा धंदा पूर्ण टाकून येणाऱ्यांपेक्षा तो बरोबर घेऊन येणारे लवकर स्थिरावलेले मी पाहिलेत.

दुसरं बळ म्हणजे मराठी. मुंबई-पुण्याच्या एजन्सीत इंग्रजी उत्तम हाताळणारे डिझायनर भरपूर, पण मराठी मजकूर आला की गडबड होते. फोटोशॉप-इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय चालू केलेला नसेल, तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. गिऱ्हाइकाचा मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर चिकटवल्यावर अगम्य खुणा दिसतात. तो युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या पद्धतीत, बदलून पुन्हा ओळ न् ओळ तपासावा लागतो. पुष्कळ फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, मराठी वळण वेगळं निवडावं लागतं. वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट मोफत मिळतात, तरीही त्यांच्याकडे नीट बघणारे थोडेच. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगेंची अक्षरं बघत आपण वाढलो. चांगलं मराठी अक्षर कसं दिसतं याची नजर आपल्यात असते, तिला फक्त कामाला लावायचं.

या कामाला मागणीही आहे. दुकानांविषयीच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या दुकानांना पाटीवर मराठी नाव इतर लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदतही दिली होती. त्या घाईत बदललेल्या किती पाट्या ओबडधोबड झाल्या, ते कुठल्याही बाजारपेठेत चालत गेलं तरी दिसतं.

एआय आणि कॅनव्हा

वाढदिवसाचा बॅनर, सणाची पोस्ट, साधं व्हिजिटिंग कार्ड ही कामं गिऱ्हाईक आता कॅनव्हासारख्या तयार नमुने देणाऱ्या ॲपवर स्वतःच करतं, आणि नवख्याची पहिली कमाई पूर्वी त्यांतूनच व्हायची. त्यामुळे आज शिरकाव दहा वर्षांपूर्वीपेक्षा अवघड आहे, हे मान्य करूनच या. चित्र बनवणारे एआय प्रोग्राम देवनागरी जोडाक्षरांत अजून अडखळतात, पण त्या भरवशावर करिअर ठरवू नये. ती अडचण सुटेल. शंभर पानांचा अहवाल, औषधाचं वेष्टन, संस्थेची सगळी छपाई एका शिस्तीत बांधणं, अशी जबाबदारीची कामं माणसाकडे राहतील असं मला वाटतं.

स्टुडिओ की फ्रीलान्स

पहिलं वर्ष तरी छोट्या स्टुडिओत किंवा छापखान्यात काढा. पगार आजच्यापेक्षा कमी मिळेल, पण चूक छपाईला जाण्याआधी पकडणारा कुणीतरी डोक्यावर असेल. फ्रीलान्समध्ये ५,००० पत्रकांवर फोन नंबर चुकला तर पुनर्छपाई तुमच्या खिशातून. पीएफ नाही, रजा नाही, बिलं अडकतात, टीडीएस कापून येतो. अर्धे पैसे आगाऊ आणि किती फेऱ्यांत दुरुस्त्या करून देणार हे लेखी, या दोन अटींवर तडजोड करू नका. जीएसटी नोंदणीची काळजी वर्षाची उलाढाल २० लाखांजवळ गेली की करायची. घरखर्च महिना ४०,००० असेल, तर राजीनाम्याआधी वर्षभराचे ४,८०,००० बाजूला हवेत, आणि त्यातून लॅपटॉप घ्यायचा नाही.

घरात एकटेच कमावते असाल आणि हप्त्यात अर्धा पगार जात असेल, तर सध्या थांबा. केवळ साहेबाला कंटाळून येत असाल तरी थांबा, कारण इथे दर गिऱ्हाईक नवा साहेब असतो. शांतपणे चित्रं काढत बसायची ओढ असेल, तर इलस्ट्रेशन वेगळं क्षेत्र आहे, त्याची चौकशी स्वतंत्रपणे करा.

बाकीच्यांनी आधी एक खरं काम शेवटपर्यंत न्यावं. सोसायटीचा अहवाल किंवा चुलतभावाची लग्नपत्रिका, मजकूर गोळा करण्यापासून प्रेसमधून गठ्ठा उचलण्यापर्यंत. चौथ्या दुरुस्तीला आपल्याला काय वाटतं, ते प्रामाणिकपणे टिपून ठेवा. तरीही यावंसं वाटलं, तर राजीनामा मे-जूनमध्ये द्या. तोवर वार्षिक बोनस हातात पडलेला असतो, आणि पुढे गणपतीच्या जाहिराती, दिवाळी अंक, वार्षिक सभांचे अहवाल असं मराठी छपाईचं काम ऑक्टोबरपर्यंत एकामागून एक येत राहतं. त्या दिवसांत प्रत्येक स्टुडिओला जादा हात लागतात, आणि नवख्यालाही दारातून आत घेतात.