दहा एक्स भिंग, साडेतीनशे रुपये: तीन महिने वापरून

सराफाच्या खिशात असते ना तसली घडीची भिंग, दहा एक्स म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, नागपूरच्या इतवारीतून घेतली. मला दागिने पाहायचे नव्हते, रविवारी कबाडवाल्यांच्या चादरीवर बसून जुनं सामान उलटंपालटं करायचा नाद आहे, त्यासाठी पाहिजे होती.

घ्यायच्या आधी एका नाण्यात चारशेला फसलो होतो. मागं हनुमान, खाली 1818, वर ईस्ट इंडिया कंपनी, आणि विकणारा म्हणे "साहेब, दो सौ साल पुराना, म्युझियम पीस". कंपनीने असली हनुमानाची नाणी कधी पाडलीच नाहीत हे नंतर कळलं. भिंगेखाली धरलं तर अख्ख्या अंगावर बारीक खड्डे आणि कडेला साच्याचा जोड, म्हणजे खऱ्या नाण्यासारखं ठशानं ठोकलेलं नाही, साच्यात ओतलेलं. शेजारी आजीचा जॉर्ज पंचमचा रुपया ठेवून पाहा म्हणजे फरक सांगावा लागत नाही, त्याची अक्षरं कशी धारदार उठलेली आहेत. तो काट्यावर 11.66 ग्रॅम भरतो, माझा हनुमान कुठल्याच हिशेबात बसत नव्हता.

पण पैसे खरे वसूल झाले ते चित्रांत. एकजण फ्रेममधली लक्ष्मी "ओरिजिनल रवि वर्मा" म्हणून अडीच हजाराला देऊन राहिला होता. रवि वर्मांचा छापखाना 1894 चा, आधी मुंबईत, मग मळवलीला, आणि छपाई दगडावरची. तिचे ठिपके रवा सांडल्यासारखे वेडेवाकडे पडतात, महाल भागातल्या मामांच्या देवघरात एक आहे त्यात नीट दिसतात. या लक्ष्मीच्या गालावर मात्र चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं, एकसारखी, ओळीनं. म्हणजे ऑफसेट, आजकालची यंत्रावरची छपाई, कॅलेंडरचं. कागद चहात बुडवून पिवळा केलेला असावा असा माझा संशय, वासावरून.

आता तक्रारी. कडेला धूसर दिसते, मधला भागच कामाचा. सोबतचा लाईट पंधरा दिवसांत गेला. आणि बॉक्समध्ये कोणी सांगत नाही की भिंग डोळ्याला चिकटवून वस्तू इंचभर जवळ आणायची असते, मी आठवडाभर हात लांब करून पाहत बसलो बावळटासारखा.

पितळ-तांब्याला हिचा फार उपयोग नाही, तिथं वजन, आतल्या कल्हईचा रंग, आणि बोट कुठं लागून लागून कड गुळगुळीत झाली ते पाहायचं. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या म्युझियममध्ये, तर काचेमुळं खिशातच राहिली, पण तिथं दोन तास नुसतं पाहत फिरल्यावर पुढच्या रविवारी चादरीवरचा कचरा आपोआप वेगळा दिसला.

लक्ष्मीवाल्यानं माझी भिंग मागून घेतली, दहा मिनिटं आपलीच नाणी पाहत बसला, परत दिली अन् त्यातल्या एकाचा भाव तिथंच शंभरनं वाढवला. पाचपैकी चार स्टार, एक लाईटचा कापला.