सात महिने ‘मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स’ वाचताना

सुई सिन फार यांचा ‘मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स’ हा कथासंग्रह गेल्या सात महिन्यांत मी तीनदा वाचला. पहिल्या वाचनानंतर लगेच अभिप्राय लिहायला बसले नाही हे बरेच झाले, कारण तेव्हा मी या पुस्तकाला ‘गोड, जुन्या वळणाचे’ म्हणून मोकळी झाले असते.

लेखिकेचे मूळ नाव एडिथ मॉड ईटन. वडील इंग्रज, आई चिनी. जन्म १८६५ साली इंग्लंडमध्ये, बालपण मॉन्ट्रियलमध्ये. चेहऱ्यावरून कोणी चिनी म्हणून ओळखत नसतानाही त्यांनी नर्गिसाच्या फुलाचे कँटोनी नाव घेऊन लिहिले. १९१२ साली शिकागोत हा संग्रह निघाला आणि दोनच वर्षांनी त्या गेल्या.

शीर्षककथेतली सिएटलची बाई लग्ने जुळवते आणि इंग्रज कवी टेनिसनला अमेरिकी समजते, एवढेच मला प्रथम दिसले होते. तिसऱ्या वाचनात मात्र सॅन फ्रान्सिस्कोहून तिने नवऱ्याला लिहिलेल्या पत्राशी मी थांबले. अमेरिका चीनची रक्षणकर्ती कशी आहे यावरचे व्याख्यान ऐकून ती अतिशय नम्रपणे त्याला कळवते की, तुमचे थोरले बंधू तुमच्या साध्या घराऐवजी या थोर सरकारच्या छपराखाली अडकून पडले आहेत, हे आता मनाला लावून घेऊ नका. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली होती आणि तो कायदा १९४३ पर्यंत टिकला, हे मधल्या काळात वाचले नसते, तर या वाक्याची धार मला कळलीच नसती.

ज्या कथेसाठी हे पुस्तक मी जवळ ठेवले आहे, ती ‘इन द लँड ऑफ द फ्री’. व्यापाऱ्याची बायको लाई चू चीनमध्ये जन्मलेल्या मुलाला घेऊन बंदरात उतरते आणि मुलाचे कागद नाहीत म्हणून अधिकारी त्याला काढून घेतात. ही कथा मी आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली, आणि तेव्हाच भाषेतला फरक हाताला लागला. बाळाला समोरचे डोंगर दाखवताना लाई चूची वाक्ये भरदार, जवळजवळ काव्यमय आहेत. वकिलासमोर तीच बाई मोडके इंग्रजी बोलते. मराठीत दोन्ही सारखेच येऊ लागले, तेव्हा मला थांबून आईला सांगावे लागले की इथे तिची भाषा तिच्यापासून हिरावली गेली आहे. पाचशे डॉलर मागणाऱ्या वकिलापुढे लाई चू अंगावरचे दागिने उतरवून ठेवते, तिथे आई म्हणाली, “पुढे नको वाचूस आता.” शेवट मी दुसऱ्या दिवशी वाचला. दहा महिन्यांनी मिशनमध्ये भेटलेला मुलगा पाद्रीबाईच्या झग्याआड लपतो आणि जन्मदात्रीलाच “जा, जा” म्हणतो.

‘द विझ्डम ऑफ द न्यू’मधल्या पाऊ लिनचा मला महिनाभर राग होता. अमेरिकी शाळेत जाण्याच्या आदल्या रात्री ती स्वतःच्या मुलाचा जीव घेते. रागाची जागा अस्वस्थतेने घेतली ती पुढे, नवऱ्याच्या भोवतीच्या गोऱ्या स्त्रिया किती सद्भावाने वागतात हे पुन्हा पाहिल्यावर. त्यांच्यातली तरुण आदा या बायकोचे दुःख ओळखतेही, पण तोवर फार उशीर झालेला असतो. लेखिकेने इथे कुणालाच खलनायक केलेले नाही, आणि मला ही तिची सर्वांत मोठी ताकद वाटते.

उणिवाही आहेत. फुले, रेशीम, कंदील यांचे वर्णन जागोजाग अति होते. त्या काळच्या गोऱ्या वाचकाची आवड सांभाळल्याची खूण त्यावर दिसते. उत्तरार्धातल्या मुलांच्या गोष्टी मी दुसऱ्यांदा वाचल्या नाहीत. प्रताधिकार संपल्याने पुस्तक मोफत मिळते, पण मोबाइलच्या पडद्यावर त्यातली पत्रे घाईत सरकून जातात, म्हणून छापील प्रत घ्यावी. सुरुवात शीर्षककथेपासून न करता लाई चूपासून करावी आणि मग ते सॅन फ्रान्सिस्कोचे पत्र वाचावे. आईने आता पाऊ लिनची कथा मागितली आहे. ती तिला कशी सांगावी, हे अजून माझे ठरलेले नाही.