अ‍ॅनफील्डची फेरी: मॅनेजरांचा हिशेब बघायला कुठून सुरुवात करावी

लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानाची तिकीट काढून केलेली फेरी बहुतेक जण ड्रेसिंग रूम आणि करंडकांसाठी करतात, आणि त्यासाठी ती चांगलीच आहे. पण फुटबॉलचा मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा आणि चालवणारा मुख्य प्रशिक्षक, क्लबमध्ये मागे काय ठेवून जातो आणि लोक त्याला कशासाठी मानतात, हा प्रश्न मनात घेऊन गेलं तर हीच जागा कितीतरी जास्त देते. एकाच मैदानाभोवती दोन मॅनेजरांच्या नावाची दोन दारं आहेत, त्याच दोघांचे दोन पुतळे आहेत आणि तिसऱ्याच्या नावाचा आख्खा स्टँड आहे. हे सगळं बाहेर आहे आणि त्याला तिकीट लागत नाही.

लंडनच्या यूस्टनहून लिव्हरपूल लाइम स्ट्रीटला रेल्वेनं सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, मँचेस्टरहून तासाभराच्या आत पोहोचता येतं. लाइम स्ट्रीटपासून मैदान साधारण तीन किलोमीटर. जवळच्या क्वीन स्क्वेअरवरून 17 नंबरची बस मिळते. आतल्या फेरीचं तिकीट वेळ निवडून आधीच ऑनलाइन काढावं आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचावं. तो तास बाहेरच्या चकरेसाठी. बहुतेक लोक उलटं करतात: थेट आत जातात आणि पाय दुखायला लागल्यावर बाहेरचे पुतळे फोटोपुरते बघतात. मॅनेजरांमध्ये रस असेल तर हा क्रम चुकीचा आहे.

चकरेची सुरुवात वॉल्टन ब्रेक रोडवर, कॉप स्टँडच्या समोर करावी. तिथे पूर्वीचे मॅनेजर बिल शँकली यांचा ब्राँझचा पुतळा आहे. टॉम मर्फी यांनी घडवलेला हा पुतळा डिसेंबर 1997 मध्ये बसवला गेला. दोन्ही हात पसरलेले, गळ्यात प्रेक्षकांचा असतो तसा मफलर, आणि चौथऱ्यावर त्यांनी लोकांना आनंदी केलं, एवढ्याच अर्थाची ओळ. किती करंडक जिंकले ते त्या ओळीत नाही. त्याच रस्त्यावर शँकलींनंतरचे मॅनेजर बॉब पेझली यांच्या नावाचं 1999 मधलं दार आहे आणि त्यावर तीन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) कोरलेले आहेत. शँकलींच्या वाट्याला माणसं आली आणि पेझलींच्या वाट्याला कप. मैदानानंच दोघांची अशी वाटणी करून ठेवली आहे, आणि पुढची सगळी फेरी ही वाटणी बरोबर आहे का हे तपासण्यासाठी वापरता येते.

तिथून मेन स्टँडच्या बाजूला वळलं की पेझली स्क्वेअर लागतो. इथला पेझलींचा पुतळा 2020 च्या जानेवारीत आला, म्हणजे त्यांच्या निधनानंतर 24 वर्षांनी. अँडी एडवर्ड्स यांचं हे काम या परिसरातलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं शिल्प आहे. इंग्लंडमधल्या सगळ्यात यशस्वी मॅनेजरांपैकी एकाचा पुतळा करायचा, तर हातात करंडक देणं सोपं होतं. इथे 1968 च्या एप्रिलमधला टॉटेनहॅमविरुद्धचा सामना घेतला आहे. पेझली तेव्हा मॅनेजर नव्हते, शँकलींच्या हाताखाली खेळाडूंची दुखापत बघणारे मदतनीस होते. जखमी एम्लिन ह्यूज यांना पाठीवर घेऊन ते मैदानाबाहेर निघाले आहेत. याच ह्यूज यांनी 1977 मध्ये रोममध्ये कर्णधार म्हणून युरोपियन कप उचलला, आणि तेव्हा मॅनेजर पेझली होते. जवळच 1989 मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या 97 जणांचं स्मारक आहे, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. अ‍ॅनफील्ड रोडच्या बाजूचं शँकलींचं लोखंडी फाटक 1982 मधलं. त्यांच्या निधनानंतर वर्षभराच्या आत ते उभं राहिलं आणि त्यांच्या पत्नी नेसी यांनी ते उघडलं.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय ही तुलना भावनेवरच राहते. शँकली डिसेंबर 1959 मध्ये आले आणि जुलै 1974 मध्ये गेले. 783 सामने, 407 विजय, 198 बरोबरी, 178 पराभव. इंग्लंडची लीग तीनदा, देशातला बाद पद्धतीचा एफए कप दोनदा, युरोपातला दुसऱ्या दर्जाचा यूएफा कप एकदा. पेझली 1974 ते 1983, नऊ हंगाम. 535 सामने, 307 विजय, 132 बरोबरी, 96 पराभव. लीग सहा वेळा, युरोपियन कप तीनदा, यूएफा कप एकदा, देशातलाच दुसरा बाद पद्धतीचा लीग कप सलग तीन वर्षं. विजयाचं प्रमाण शँकलींचं 52 टक्के, पेझलींचं 57.

इथे दोन ठिकाणी नेहमी चूक होते. पहिली करंडक मोजण्यात. पेझलींचे करंडक कुणी 13 लिहितं, कुणी 14, कुणी 20. लीग, युरोपियन कप, यूएफा कप आणि लीग कप मिळून 13 होतात. युरोपियन सुपर कप धरला की 14. हंगामाच्या सुरुवातीला होणाऱ्या चॅरिटी शील्डच्या सहा ढाली, त्यातली एक वाटून घेतलेली, मिळवल्या की 20. तिन्ही आकडे खरे आहेत, पण एका मॅनेजरसाठी ढाली धरायच्या आणि दुसऱ्यासाठी सोडायच्या, असं केलं की तुलना मोडते. दुसरी चूक टक्केवारीत. शँकलींच्या पहिल्या अडीच हंगामांत संघ दुसऱ्या श्रेणीत होता आणि ते सामने त्यांच्या खात्यात आहेत. शिवाय 1981 पर्यंत इंग्लंडमध्ये विजयाला दोनच गुण मिळायचे. बरोबरी म्हणजे अर्धा विजय, त्यामुळे परक्या मैदानावर एक गुण घेऊन परतणं हा शहाणपणा होता. लिव्हरपूलनं 1976-77 ची लीग 42 सामन्यांत 57 गुणांवर जिंकली, आजच्या मोजणीनं, म्हणजे विजयाला तीन गुण धरून, ते 80 होतात. लिव्हरपूलचेच नंतरचे मॅनेजर युर्गन क्लॉप यांच्या संघानं 2018-19 मध्ये 38 सामन्यांत फक्त एक पराभव घेऊन 97 गुण मिळवले आणि दुसरा क्रमांक लागला, कारण मँचेस्टर सिटीचे 98 झाले. करंडकांच्या कपाटात त्या लीगचं काहीच नाही.

आतली फेरी नव्या मेन स्टँडमधून सुरू होते. कानाला लावायचं यंत्र मिळतं, वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं, मग खाली ड्रेसिंग रूम, बाहेर पडायचा बोगदा आणि मैदानाकडेची बाकं. बोगद्यातली ‘धिस इज अ‍ॅनफील्ड’ ही पाटी मूळ कल्पनेनं शँकलींची, प्रतिस्पर्ध्याच्या मनावर दडपण आणण्यासाठी. क्लॉप यांनी आपल्या खेळाडूंना सांगितलं होतं, काहीतरी जिंकेपर्यंत तिला हात लावायचा नाही. 2019 चा युरोपियन करंडक जिंकल्यावरच हात लागले. आधीच्या मॅनेजरची वस्तू पुढच्यानं कशी वापरावी, याचा हा उत्तम नमुना, म्हणून या पाटीपाशी फोटोपेक्षा थोडं जास्त रेंगाळावं. उलट ज्या खोलीत हे सगळं घडलं ती आता नाही. बूट ठेवायच्या छोट्या खोलीत शँकली, पेझली, जो फेगन, रुबेन बेनेट ही मंडळी सामन्यानंतर बसून चर्चा करायची. पत्रकारांच्या खोलीला जागा हवी म्हणून ती 1993 मध्ये पाडली गेली. क्लबनं घेतलेला हा अतिशय वाईट निर्णय होता. पुतळा नंतरही उभा करता येतो, पण त्या भिंती परत येत नाहीत.

संग्रहालयात सहा युरोपियन कप आहेत: 1977, 1978, 1981, 1984, 2005 आणि 2019. लोक फोटो काढतात आणि पुढे सरकतात. इथे एक काम करावं. फोनमध्ये त्या अंतिम सामन्यांतल्या पहिल्या अकरा खेळाडूंच्या याद्या आधीच घेऊन जाव्यात आणि प्रत्येक नावापुढे त्याला क्लबमध्ये कोणाच्या काळात आणलं ते लिहावं. 1977 च्या रोममधल्या अकरांपैकी फिल नील, जोई जोन्स आणि टेरी मॅकडरमॉट हे तिघंच पेझलींनी आणलेले. क्लेमन्स, स्मिथ, ह्यूज, कॅलहॅन, हायवे, कीगन, केस हे सगळे शँकलींच्या काळातले, आणि रे केनेडी तर शँकली पायउतार झाले त्याच दिवशी क्लबमध्ये आले. आठ विरुद्ध तीन. 1981 मध्ये पॅरिसला रेआल माद्रिदविरुद्ध हे प्रमाण बरोबर उलटं झालं: क्लेमन्स, टॉम्पसन आणि रे केनेडी हे तिघं शँकलींच्या काळातले, बाकी आठ पेझलींच्या. आणि 1984 चा कप, जो पेझलींनंतरचे मॅनेजर जो फेगन यांच्या नावावर लागला, त्यात सुरुवातीचे अकराच्या अकरा पेझलींच्या काळात आलेले होते.

या तीन याद्या शेजारी ठेवल्या की पुतळ्यांची वाटणी बदलते. शँकलींच्या कारकिर्दीत 1966 ते 1973 या सात वर्षांत एकही मोठा करंडक नाही. फेब्रुवारी 1970 मध्ये वॉटफर्डकडून एफए कपमध्ये हार झाल्यावर त्यांनी जुना संघ मोडायला घेतला, आणि तोही उशिरा, कारण ज्यांनी लीग जिंकून दिली त्यांना बाजूला करणं त्यांना जड गेलं. आज एखाद्या क्लबात सात वर्षं काही न जिंकता मॅनेजर टिकणं जवळपास अशक्य आहे. पण त्याच रिकाम्या वर्षांत क्लेमन्स, कीगन, हायवे आले आणि रोमचा संघ उभा राहिला. पेझलींचा मोठेपणा त्याहून वेगळा. मिळालेल्या संघावर त्यांनी कप जिंकला, आणि चार वर्षांत तो संघ जवळपास पूर्ण बदलून पुन्हा जिंकला. जिंकत असताना संघ बदलणं हे मॅनेजरचं सगळ्यात अवघड काम, कारण चांगल्या माणसाला तो चांगला असतानाच निरोप द्यावा लागतो. शँकलींना एकदा जिथे उशीर झाला, तिथे पेझलींनी उशीर केला नाही. म्हणून 1981 च्या कपासमोर जास्त वेळ द्यावा, तोच खरा पेझलींचा कप.

2005 ची यादी आणखी बोलकी. इस्तंबूलच्या त्या 0-3 वरून 3-3 झालेल्या आणि पेनल्टींवर जिंकलेल्या सामन्यात तेव्हाचे मॅनेजर राफा बेनिटेझ यांनी स्वतः आणलेले सुरुवातीचे खेळाडू दोनच, शाबी अलोन्सो आणि लुईस गार्सिया. मध्यंतराला आत आलेले डिटमार हामानही बेनिटेझ यांच्या आधीचे मॅनेजर जेरार उलिए यांच्या काळातले. उलिए यांच्या नावावर 2001 चे तीन कप लागतात, इस्तंबूल लागत नाही. यात बेनिटेझ यांचं काही कमी होत नाही. मध्यंतराला बचावात तीन जण ठेवून मधली फळी भक्कम करण्याचा निर्णय त्यांचाच होता.

या पद्धतीला मर्यादाही आहे. आजकाल खेळाडू निवडण्याचं काम मॅनेजर एकटा करत नाही. क्लॉप यांच्या काळात त्यामागे स्वतंत्र विभाग होता, त्यामुळे सालाहसारख्या खेळाडूचं श्रेय एकट्या मॅनेजरच्या खात्यात टाकता येत नाही. क्लॉप यांच्यानंतर आलेल्या आर्ने स्लॉट यांनी 2024-25 ची लीग जिंकली तेव्हा त्या हंगामात संघात नवा आलेला खेळाडू जवळजवळ एकच, फेडेरिको किएझा, आणि तोही फारसा खेळला नाही. शँकलींनंतरच्या पेझलींची आठवण व्हावी असाच हा प्रसंग. क्लॉप पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणाले होते की येताना लोकांना काय वाटतं यापेक्षा जाताना काय वाटतं ते महत्त्वाचं. त्यांनी जाताना जो संघ ठेवला तो पुढच्याच वर्षी विजेता झाला.

चकरेत शेवटी केनी डॅलग्लिश यांच्या नावाच्या स्टँडपाशी यावं. 2017 मध्ये हे नाव दिलं गेलं. मॅनेजर म्हणून 1986, 1988 आणि 1990 च्या लीग, 1986 आणि 1989 चे एफए कप त्यांच्या नावावर आहेत, आणि त्याआधीचा महान खेळाडूही तेच. पण या शहरात त्यांच्याबद्दलची माया हिल्सबरोनंतरच्या आठवड्यांतली आहे. 15 एप्रिल 1989 नंतर ते अंत्यविधीमागून अंत्यविधींना जात राहिले, एका दिवशी चार. हे कोणत्याही तक्त्यात येत नाही, आणि यायलाही नको.

जो फेगन यांच्यासाठी मात्र मैदानाबाहेर शँकली-पेझलींसारखा पुतळा नाही. पहिल्याच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप, असं त्याआधी एकाही इंग्लिश मॅनेजरला जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी, 29 मे 1985 ला ब्रुसेल्सच्या हेसेल मैदानावर युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधीच्या दंगलीत 39 माणसं मेली आणि फेगन यांची कारकीर्द त्या रात्री संपली. निवृत्तीचा निर्णय त्यांनी आधीच घेतला होता, तरी त्यांचं नाव निघालं की ती रात्र आधी आठवते. सगळे खेळाडू पेझलींचे होते म्हणून त्यांना दुय्यम मानणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की 1984 चा तो अंतिम सामना रोममध्ये, प्रतिस्पर्धी रोमाच्याच घरच्या मैदानावर झाला होता.

काही व्यवहाराच्या गोष्टी. सामन्याच्या दिवशी नेहमीची फेरी मिळत नाही, म्हणून तारीख ठरवताना आधी सामन्यांचं वेळापत्रक बघावं. सामन्याचं तिकीट भारतातून जाणाऱ्याला मिळणं कठीण असतं. ते मिळालं नाही म्हणून अ‍ॅनफील्ड वगळू नये. आतली फेरी आणि संग्रहालय मिळून अडीच तास धरावेत, त्यात करंडकांपुढचा अर्धा तास कमी करू नये. वेळ कमीच असेल तर ड्रेसिंग रूमच्या रांगेत तो घालवण्यापेक्षा तिकीट न काढता बाहेरची चकर पूर्ण करावी आणि पेझलींच्या पुतळ्यापाशी ती दोनदा करावी: एकदा समोरून, एकदा मागून, म्हणजे ह्यूज यांचा सगळा भार त्यांच्या खांद्यांवर कसा आला आहे ते दिसतं.