ईम गावातला गाईडेड वॉक: पैसे वसूल, चहा सोडून

शेफिल्डला भाचीकडे गेलेलो तेव्हा बसने डर्बीशरमधल्या या गावात गेलो, मी सगळीकडे 'एयाम' म्हणत फिरत होतो आणि गाईडने पहिल्याच मिनिटाला 'ईम' असं दुरुस्त केलं. नाव म्हणे जुन्या इंग्रजीतल्या बेट या शब्दावरून, म्हणजे ओढ्यांच्या मधली जमीन, समुद्र वगैरे काही नाही बरं का.

पण खरी गोष्ट 1665 ची. लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला असं सांगतात आणि पुढच्या वर्षी पाद्री विल्यम मॉम्पेसनने गावाला समजावलं की कोणी बाहेर जायचं नाही. लोकांनी ऐकलं! साधारण 260 माणसं प्लेगने दगावली, त्याची स्वतःची बायको कॅथरीन पण. सीमेवरचा दगड बघाच, त्याला भोकं आहेत, त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायचे आणि बाहेरचे लोक सामान ठेवून जायचे. मी बोट घालून बघितलं, कडा अगदी गुळगुळीत झाल्यात. रायली ग्रेव्ह्ज नावाच्या कबरींपाशी मात्र बोलवेना, एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतः पुरली.

गाईड मस्त, घाई नाही, फक्त चढ आहे तेव्हा गुडघेवाल्यांनी विचार करा. नंतर ज्या टीरूममध्ये बसलो तिथे चहा कोमट आणि स्कोन कालचा. म्युझियम छोटंय पण तासभर सहज जातो. वॉकला साडेचार स्टार.